एक लिटर तेल म्हणजे किती किलो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच अडचण निरनिराळ्या रूपांत आली आहे. कृतीत मिली लिहिलेलं असतं आणि ओट्यावर ग्रॅमचा काटा असतो, किंवा उलट. पीठ, साखर, डाळी यांच्या वजनाबद्दल आपण सावध असतो, पण तेल, तूप, दूध, मध यांच्या बाबतीत मिली आणि ग्रॅम एकच समजायची सवय पडली आहे. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

कृतीत २०० मिली तेल लिहिलं आहे. काट्यावर २०० ग्रॅम तेल घेतलं तर चालेल का? (सातारा)

नाही. २०० मिली तेलाचं वजन १८२ ग्रॅमच्या आसपास भरतं. काट्यावर २०० ग्रॅम तेल ओतलंत, तर प्रत्यक्षात २२० मिली तेल पडेल, म्हणजे चमचाभरापेक्षा जास्त. बटाट्याच्या भाजीत हे कुणाला कळणारही नाही. नानकटाई, शंकरपाळी, खारी शेव किंवा केक असेल तर नक्की कळेल, कारण तिथे पीठ आणि स्निग्ध पदार्थ यांचं प्रमाण बिघडलं की खुसखुशीतपणा बिघडतो.

हिशोब एका गुणाकाराचा आहे. मिलीला त्या पदार्थाच्या घनतेनं गुणलं की ग्रॅम मिळतात आणि ग्रॅमला घनतेनं भागलं की मिली. पाण्याची घनता १, म्हणून १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम. मिली आणि ग्रॅम सारखेच, हा समज पाण्यामुळेच पसरला आहे. पाण्यापुरता तो खरा आहे. बाकीच्यांचे आकडे खाली दिले आहेत. हे खोलीच्या तापमानाला १०० मिलीचं वजन आहे:

पातळ ताक, व्हिनेगर, फ्रेश क्रीम, नारळाचं दूध: जवळपास १०० ग्रॅम
दूध, घोटलेलं दही, लिंबाचा रस: १०३ ग्रॅम
कुठलंही खाद्यतेल: ९१ ते ९२ ग्रॅम
पातळ केलेलं तूप: ९० ते ९१ ग्रॅम
सोया सॉस: ११५ ते १२० ग्रॅम
कंडेन्स्ड मिल्क: १३० ग्रॅम
काकवी: १३५ ते १४० ग्रॅम
मध, लिक्विड ग्लुकोज: १४० ग्रॅम, थोडं वरखाली

शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, सोयाबीन, मोहरी, तीळ यांच्या तेलांत फरक इतका थोडा आहे की स्वयंपाकासाठी सगळ्यांना ०.९१ धरलं तरी चालतं. ‘घाण्याचं तेल जड असतं’ असं ऐकायला मिळतं. घाण्याचं तेल दाट आणि गढूळ दिसतं, वासही जास्त असतो, पण लिटरमागे त्याचं वजन रिफाइंड तेलाइतकंच असतं.

आमच्या घरात चार आकारांच्या वाट्या आहेत. कृतीतली ‘एक वाटी’ नेमकी कोणती धरायची? (लातूर)

लिहिणाऱ्याच्या हातात कोणती वाटी होती हे कळायला मार्ग नाही. म्हणून आपल्या वाटीचं माप आपण एकदा काढून ठेवावं. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि पाणी भरा. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली. तो आकडा मार्करनं वाटीच्या बुडाला लिहून ठेवा. मार्कर घासताना निघून जातो, नेलपॉलिश बरेच दिवस टिकतं.

भरताना मात्र रोज जेवढी भरता तेवढीच भरा. काठोकाठ भरलेल्या वाटीत पाण्याला वर फुगवटा येतो आणि तेवढ्यातच काही मिली जास्त जातात. शिवाय काठोकाठ भरलेली तेलाची वाटी पातेल्यापर्यंत न सांडता कुणी नेत नाही. काठाखाली बोटाच्या पेराएवढी जागा सोडून तीच आपली खूण ठरवलेली बरी.

सगळी कृती एकाच वाटीची असेल तर वाटी केवढी आहे यानं काही बिघडत नाही. शंकरपाळीला एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा, हे प्रमाण कुठल्याही वाटीनं जमतं. अडचण येते ती वजन आणि वाटी दोन्ही एकत्र आलेल्या कृतीत: ‘अर्धा किलो मैदा, एक वाटी तूप’. वाटी १२० मिलीची असेल तर तूप १०८ ग्रॅम पडतं, १८० मिलीची असेल तर १६२ ग्रॅम. अर्धा किलो मैद्यात ५४ ग्रॅम तूप जास्त गेलं की शंकरपाळी कढईत फुटते आणि तळाशी चुरा साचतो. अशी कृती समोर आली की पहिल्या खेपेला तूप कमी बाजूनं घ्यावं. मैद्यात ते चोळून मूठ वळून बघावी. मूठ वळत नसेल तर वाढवता येतं, जास्त पडलेलं काढता येत नाही.

मापाच्या भांड्यातली पातळी वाचताना भांडं सपाट ओट्यावर ठेवा आणि डोळे त्या रेषेच्या उंचीला आणा. भांडं हातात उचलून धरलं की ते तिरपं होतं. भांड्याची रुंदीही महत्त्वाची आहे. ७ सेंटिमीटर रुंद वाटीत पातळी १ मिलिमीटर चुकली तर ४ मिलीचा फरक पडतो, पण २० सेंटिमीटर रुंद पातेल्यात तेवढ्याच चुकीनं ३१ मिली इकडचे तिकडे होतात. थोडं मोजायचं असेल तर अरुंद भांडं घ्यावं.

भाजणीच्या चकलीत कडकडीत तेलाचं मोहन पळीनं मोजून घालते. प्रमाण तेच असूनही चकली कधी कडक होते, कधी तेलात विरघळते. असं का? (सोलापूर)

प्रमाण तेच आहे असं वाटतं खरं, पण वजन दर वेळी वेगळं पडत असणार. त्यासाठी दोन्ही घटक पाहावे लागतील.

आधी तेल. तापल्यावर तेल फुगतं, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ टक्के. हा आकडा छोटा दिसतो, पण खोलीतलं ३० अंशांचं तेल कडकडीत, म्हणजे १८० अंशांच्या आसपास गेलं की ते दहा-अकरा टक्क्यांनी फुगलेलं असतं. तुमची पळी ५० मिलीची धरू. गार तेल भरलं तर पळीत ४५ ग्रॅम तेल येतं. तीच पळी गरम तेलात बुडवून भरली तर ४० ते ४१ ग्रॅम. कधी डब्यातलं तेल पळीनं मोजून तापवलं आणि कधी कढईतल्या तापलेल्या तेलातून पळी भरून घेतली, तर दोन्ही वेळा ‘एक पळी’च झाली आणि मोहन मात्र वेगळं झालं. त्यात पळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून येणारं तेल मोजलंच जात नाही.

एवढ्या फरकानं चकली थोडी कडक किंवा थोडी हलकी होईल, पण एकट्या त्यानं ती विरघळणार नाही. मोठा फरक भाजणीच्या बाजूनं येतो. डब्यातून वाटीनं खुपसून काढलेली भाजणी दाबून बसलेली असते, चाळून अलगद भरलेली भाजणी भुरभुरीत असते. त्याच वाटीत पंधरा-वीस टक्के पीठ कमी-जास्त भरू शकतं. भुरभुरीत भरलेल्या भाजणीत डब्यातलं गार तेल मोजून तापवून घातलं, की दोन्ही चुका एकाच दिशेनं जातात आणि मोहन बरंच जास्त होतं. तीच चकली तेलात सोडल्यावर वेढे सुटून विरघळते. दाबून भरलेली भाजणी आणि कढईतून काढलेली पळी यांची जोडी जमली की चकली कडक.

पुढच्या खेपेला असं करा. भाजणी वजनानं ५०० ग्रॅम घ्या. छोटं कढलं काट्यावर ठेवून शून्य करा आणि त्यात गार तेल ५० ग्रॅम ओता, म्हणजे ५५ मिली. आता तापवा आणि कढल्यातलं सगळं तेल भाजणीवर ओता. तेल तापवल्यानं त्याचा आकार बदलतो, वजन बदलत नाही. गार असतानाच वजन केलं की हा गोंधळ उरत नाही. भाजणीतल्या डाळींच्या प्रमाणानुसार हे ५० ग्रॅम पाच-सात ग्रॅमनी बदलावे लागतील, पण एकदा तुमचा आकडा सापडला की तो दर दिवाळीला तसाच वापरता येतो.

तापलेलं कढलं मात्र काट्यावर ठेवायचं नाही. काट्याचं प्लास्टिक वितळतं, काच तडकते, आणि काट्याच्या आतला भाग तापला की तो चुकीचं वजन दाखवायला लागतो.

उकडीच्या पाण्याकडेही लक्ष द्या. पाणी मोजून चढवलं आणि मोठ्या आचेवर पाच मिनिटं उघडं उकळत राहिलं, तर शंभर मिलीहून जास्त पाणी वाफेनं सहज निघून जातं. झाकण ठेवून उकळा आणि उकळी आली की लगेच वापरा.

आम्ही छोटी खानावळ चालवतो. १५ किलोचा तेलाचा डबा घ्यावा की १५ लिटरचा? दुकानदार म्हणतात दोन्ही सारखेच. (नाशिक)

सारखे मुळीच नाहीत. १५ लिटरच्या डब्यात तेलाचं वजन १३.६५ किलो असतं. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल असतं. डब्यामागे जवळपास दीड लिटरचा फरक पडतो.

भाव ताडताना दोन्ही किलोवर आणायचे. समजा, १५ किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे, म्हणजे किलोला १६० रुपये. १५ लिटरचा डबा २,२५० रुपयांना आहे. दीडशे रुपये वाचले असं वाटतं, पण २,२५० ला १३.६५ नं भागलं की किलोला जवळपास १६५ रुपये येतात. म्हणजे स्वस्त दिसणारा डबा महाग पडला. लिटरचा भाव ०.९१ नं भागला की किलोचा भाव मिळतो. हे गणित मोबाइलवर दहा सेकंदांचं आहे आणि महिन्याला चार-पाच डबे लागत असतील तर ते दर वेळी करावं.

पिशव्या घेतानाही निव्वळ वजन वाचा. एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅमच्या आसपास आकडा हवा. आकारानं तशाच दिसणाऱ्या पण कमी वजनाच्या पिशव्याही बाजारात असतात. पूर्वी काही पिशव्यांवर ‘१ लिटर’च्या शेजारी तापमान छापलेलं असे, अगदी ६० अंशसुद्धा. त्यातली मेख आता तुमच्या लक्षात येईल. तापलेलं तेल फुगलेलं असतं, म्हणून ६० अंशांच्या एक लिटरमध्ये वजन कमी भरतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये सोयाबीन तेलाचे आकडेच दिले होते: २१ अंशांना एका लिटरचं वजन ९१९.१ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. पिशवीमागे साडेसव्वीस ग्रॅमचा फरक. तापमान न छापता आकारमान आणि वजन दोन्ही छापा, असं त्या वेळी उत्पादकांना सांगितलं गेलं. म्हणून हल्ली पिशवीवर दोन्ही आकडे दिसतात. त्यातला ग्रॅमचा आकडा धरून चालावं.

डेअरीत दूध कधी लिटरवर तर कधी किलोवर मोजतात. बासुंदीसाठी त्यानं फरक पडतो का? (कोल्हापूर)

एक लिटर दुधाचं वजन १ किलो ३० ग्रॅम असतं. गाईचं दूध किंचित कमी, म्हशीचं किंचित जास्त, पण दोन्ही १.०३ च्या आसपासच. एक किलो दूध म्हणजे ९७० मिली. चहाला, खिरीला या तीन टक्क्यांनी काही होत नाही. घरी रतिबाचं दूध मापानं घेत असाल तर फेस बसू द्या, मग माप बघा. उंचावरून ओतलेल्या दुधाच्या मापात वरचा बोटभर भाग फेसाचाच असतो.

बासुंदीसाठी मात्र वजन फारच उपयोगी पडतं, कारण ‘दूध निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवा’ हे डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं. पसरट कढईत पातळी किती उतरली हे कळत नाही, कडेला साय चिकटत जाते आणि उकळताना दूध वर आलेलं असतं. त्यापेक्षा आधी रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. दोन लिटर दूध म्हणजे २,०६० ग्रॅम. ते ४० टक्क्यांवर आणायचं असेल तर ८२५ ग्रॅम राहिलं पाहिजे. पातेलं ९५० ग्रॅमचं असेल तर काट्यावर १,७७५ ग्रॅम दिसल्यावर आच बंद. काट्यावर आधी लाकडी पाट किंवा जाड लाकडी फळी ठेवून शून्य करा आणि पातेलं दोन मिनिटं खाली उतरवून मगच त्यावर टेका. साखर घालण्याआधी वजन करा. साखर पडली की तिचं वजनही धरावं लागतं. दोन-तीन वेळा उतरवावं लागलं तरी चालेल. दर वेळी सारखी दाट बासुंदी हवी असेल तर दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

काटा ५ किलोचा असेल तर भांडं, फळी आणि दूध मिळून त्याच्या आत राहताहेत ना, हे आधीच बघून घ्या.

माझ्या काट्यावर ‘मिली’चं बटण आहे. ते दाबून तेल मोजलं तर बरोबर येईल ना? (ठाणे)

बहुतेक काटे त्या बटणावर पाण्याचंच गणित करतात. वजन तेच, फक्त आकड्यापुढे ग्रॅमऐवजी मिली दिसतं. एक लिटर तेल ठेवलं तर ९१० मिली दाखवतील. काही काट्यांवर दुधासाठी वेगळं चिन्ह असतं, ते १.०३ धरतं. तेल आणि मध यांच्यासाठी ही बटणं वापरू नका. ग्रॅमवर ठेवा आणि गुणाकार करा.

काट्याची आणखी एक खोड सांगण्यासारखी आहे. रिकाम्या भांड्यात अगदी बारीक धारेनं किंवा थेंबाथेंबानं तेल सोडलं, तर कितीतरी काटे ते धरतच नाहीत. शून्याजवळ होणारा अगदी सावकाश बदल काटा स्वतःच पुसून टाकतो. तीन-चार ग्रॅम पडले तरी शून्यच दिसतं. सुरुवातीला एकदम थोडं ओता आणि शेवटी भांडं उचलून पुन्हा ठेवा. काट्यावर थेट न ओतता तेलाची बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करायची सवय लावली तर हे टळतं. बाटलीतून ओतून ती परत ठेवली की जितकं गेलं तितकं उणे दिसतं.

केकच्या कृतीत अर्धा कप मध आहे. मधाच्या बाटलीवर ग्रॅम आहेत. शिवाय मधाऐवजी काकवी चालेल का? (कोल्हापूर जिल्हा)

मध तेलाच्या उलट टोकाला आहे. १०० मिली मध १४० ग्रॅमच्या पुढे भरतो. अर्धा कप ११८ मिलीचा धरला, तर मध १६८ ग्रॅम. कप भरून तो खरवडून काढण्याची यातायात करूच नका, कारण कितीही खरवडला तरी कपाला तो चिकटतोच. बाटली काट्यावर ठेवून शून्य करा आणि वाडग्यात ओतत, परत ठेवत उणे १६८ दिसेपर्यंत काढा. चमच्यानंच घ्यायचा असेल तर १५ मिलीच्या चमच्यात २१ ग्रॅम बसतो. चमचा आधी तेलाच्या वाटीतून काढला तर मध सुटून येतो. थंडीत मध साखरेसारखा जमला असेल तरी वजन तेच राहतं, मापानं मात्र तो नीट भरत नाही.

काकवी चालेल, पण मधापेक्षा ती पातळ असते आणि तिच्या दाटपणात फार फरक असतो. काही काकवीत पाणी पाव हिस्सा असतं, काहीत तिसरा हिस्सा. गुळाऐवजी काकवी घालायची असेल तर लक्षात ठेवायला सोपं माप असं: १०० ग्रॅम गुळाला १०० मिली काकवी, म्हणजे वजनानं सुमारे १३५ ग्रॅम. कृतीतलं पाणी किंवा दूध ३५ मिलीनं कमी करा. हे पाणी कमी केलं नाही तर केक मधोमध खाली बसतो, आणि गुळपोळीच्या सारणासारख्या कोरड्या जागी काकवी वापरायचीच नाही.

आम्ही मेलबर्नला राहतो. इथल्या, अमेरिकेतल्या आणि भारतातल्या कृती एकत्र वापरताना कप-चमच्यांचा गोंधळ होतो.

होणारच, कारण मापंच निरनिराळी आहेत. ऑस्ट्रेलियातला कप २५० मिलीचा आणि टेबलस्पून २० मिलीचा. अमेरिकेतला कप २३७ मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा. भारतात मिळणाऱ्या मापाच्या संचातला कप २४० किंवा २५० मिलीचा आणि मोठा चमचा १५ मिलीचा असतो. छोटा चमचा मात्र सगळीकडे ५ मिलीचा. कपातला फरक पाच टक्के आहे, तो बहुतेक वेळा निभावून जातो. टेबलस्पूनमधला फरक तेहेतीस टक्क्यांचा आहे. अमेरिकन कृतीत तीन टेबलस्पून तेल असेल आणि तुमच्या घरचा चमचा २० मिलीचा असेल, तर ४५ च्या जागी ६० मिली तेल जाईल. अशा वेळी छोट्या चमच्यानं नऊ मोजा.

औंस हे आणखी फसवं माप आहे. एक औंस वजनाचा, २८ ग्रॅमचा. दुसरा द्रव औंस, आकारमानाचा, अमेरिकेत २९.६ मिली आणि ब्रिटनमध्ये २८.४ मिली. पाण्यासाठी दोन्ही जवळपास जुळतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. मधाला लावून बघा: वजनी ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम, आणि अमेरिकन द्रव ८ औंस म्हणजे ३३६ ग्रॅम. गोडाचं प्रमाण दीडपट होईल. जुन्या ब्रिटिश कृतीतला पाइंट ५६८ मिलीचा आणि अमेरिकन पाइंट ४७३ मिलीचा, हेही असू द्या लक्षात. राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा असतो. तो तांदूळ-पाण्यासाठीच ठेवावा, केकच्या मापांत मिसळू नये.

आजीच्या वहीत ‘पावशेर तेल’, ‘अर्धा शेर दूध’ असं आहे. किती धरावं? (रत्नागिरी)

वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा. त्या हिशोबानं पावशेर तेल २३३ ग्रॅम, मापानं २५६ मिली. अर्धा शेर दूध ४६६ ग्रॅम, म्हणजे ४५० मिलीपेक्षा किंचित जास्त. छटाक ५८ ग्रॅमचा.

पण शेर हे भांड्याचं मापही होतं आणि ते गावोगाव वेगळं असे. म्हणून वहीतल्या इतर नोंदी बघा. तोळा, छटाक, अदपाव असे शब्द जास्त असतील तर ती वही वजनावर चालणारी आहे. चिपटं, मापटं, पायली जास्त असतील तर मापावर. दुसऱ्या प्रकारात ग्रॅम शोधत बसू नका, प्रमाण शोधा. एक मापटं डाळीला किती मापटी पाणी, एवढं कळलं की कृती कुठल्याही भांड्यानं करता येते. वही कधी लिहिली तेही विचारा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि ती मापं घरोघर रुळली साठच्या दशकात. त्यानंतरच्या वहीत ‘पावशेर’ म्हणजे सरळ २५० ग्रॅम असण्याचीच शक्यता जास्त, आजही बाजारात आपण त्याच अर्थानं म्हणतो.

गुलाबजामसाठी एक किलो साखरेत अर्धा लिटर पाणी घालते. पाक दीड लिटर होईल म्हणून मोठं पातेलं घेतलं, पण तो बराच कमी झाला. (जळगाव)

वजन दीड किलोच झालं, आकारमान नाही. एक किलो साखर पाण्यात विरघळली की ६२० ते ६३० मिलीच जागा घेते. म्हणून पाक सव्वा लिटरच्याही आत, सुमारे १,१२० ते १,१३० मिली झाला, आणि पुढे उकळून पाणी उडालं की आणखी कमी. गुलाबजाम बुडायला पाक पुरेल की नाही याचा अंदाज घेताना साखरेचे किलो गुणिले ०.६२, अधिक पाण्याचे लिटर, असं धरा.

तूप थिजलेलं असताना चमच्यानं घ्यावं की पातळ करून? (बेळगाव)

कृतीत चमचे असतील तर पातळ करून, सपाट चमचा. १५ मिलीच्या चमच्यात पातळ तूप साडेतेरा ग्रॅम बसतं. थिजलेल्या तुपाचा शिगोशीग चमचा वीस ग्रॅमच्याही पुढे जातो, आणि रवाळ, भुसभुशीत तुपात हवेच्या पोकळ्या असल्यानं दर चमचा वेगळा. कृतीत ग्रॅम असतील तर कसंही घ्या. लाडू, नानकटाईसाठी थिजलेलं तूप फेसायचं असेल तर आधी वजन करा, मग फेसा. फेसल्यावर ते फुलून वाटी भरते आणि तूप मात्र कमी पडतं. थंडीत गोठलेलं खोबरेल तेलही असंच, वजनानं घ्यावं किंवा वितळवून मापानं.

इसेन्स, खायचा रंग यांसारखं एक-दोन मिली कसं मोजावं? साधा काटा दाखवतच नाही. (पुणे)

१ ग्रॅमच्या टप्प्यानं चालणाऱ्या काट्यावर दोन ग्रॅमचं वजन भरवशाचं नसतंच. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा. तिच्यावर ०.२ मिलीच्या खुणा असतात. स्वयंपाकासाठी ती वेगळी ठेवा आणि वापरल्यावर लगेच कोमट पाण्यानं ओढून धुवा. तेलकट इसेन्समुळे आतलं रबर फुगून दट्ट्या अडकायला लागला की बदलून टाका.